बाकावरचा म्हातारा

२६ एप्रिल २०१९, शुक्रवार. इंजिनिअरिंगचं शेवटचं सेमिस्टर, सबमिशनच्या फायली अर्धवट, आणि आम्ही सहा जण सकाळी सातच्या शोला 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' बघायला रांगेत उभे. तीन तास एक मिनिटाचा सिनेमा. टोनी स्टार्क मेला तेव्हा माझ्या शेजारी बसलेला रूममेट, जो स्वतःच्या ब्रेकअपला रडला नव्हता, तो हुंदके देत होता. बाहेर पडलो आणि पार्किंगमध्येच भांडण सुरू झालं. पुढे टपरीवर, मग मेसमध्ये, मग व्हॉट्सअ‍ॅपवर. सहाजण आता चार शहरांत आणि दोन देशांत आहोत, तरी ते भांडण अधूनमधून पेटतंच. (इतकी वर्षं झाल्यावर स्पॉयलरची तक्रार कुणी करू नये.)

प्लॉट होल शोधणं हा आमचा तेव्हाचा आवडता खेळ. डॉक्टर स्ट्रेंजने १,४०,००,६०५ भविष्यं बघितली, त्यातल्या एकात विजय. आणि तो एक विजय कशावर अवलंबून? तर गोडाउनमधल्या एका उंदरावर. त्याचा पाय चुकून बटणावर पडतो म्हणून अँट-मॅन क्वांटम विश्वातून बाहेर येतो, नाहीतर सगळं संपलं होतं. यावर आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की विघ्नहर्त्याचं वाहन आहे, त्याला लॉजिक विचारायचं नाही. असल्या भोकांनी कुणाचं काही बिघडत नाही. सोल स्टोन परत करायला गेलेल्या स्टीव्हला तिथे त्याचा जुना वैरी रेड स्कल भेटला असेल, तेव्हा दोघं काय बोलले? माहीत नाही, पण बघायला मजा आली असती. एवढंच.

एक भोक मात्र तसं नाही. मी त्याच्याबद्दल बोलायला लागलो की रूममेट म्हणतो, "तू चिडतोस का एवढा? सिनेमा आहे तो."

आधी नियम. थॅनोसने निम्मी जीवसृष्टी पुसली, त्याला पाच वर्षं झाली. र्‍होडी सुचवतो की भूतकाळात जाऊन थॅनोसला पाळण्यातच संपवू. ब्रूस बॅनर सांगतो, असं होत नाही. तुम्ही मागे गेलात की तो भूतकाळ हेच तुमचं पुढचं आयुष्य होतं. तुम्ही जिथून निघालात ते जग आहे तसंच राहतं. म्हणूनच आत्ताची नेब्युला २०१४ मधल्या नेब्युलाला गोळी घालते आणि तरीही स्वतः गायब होत नाही. जे गिट वापरतात त्यांच्यासाठी: मेन ब्रँचचा इतिहास बदलता येत नाही, जुन्या कमिटवरून नवी ब्रँच फक्त काढता येते. नियम स्वच्छ आहे. आम्ही इंजिनिअर खूश.

मग शेवट येतो. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, स्टोन जागच्या जागी ठेवायला भूतकाळात जातो. पाच सेकंदांत परत यायचं असतं. तो येत नाही. सॅम आणि बकी वळून बघतात तर तळ्याकाठच्या बाकावर एक म्हातारा बसलाय. स्टीव्ह. तो महायुद्धानंतरच्या काळात पेगी कार्टरकडे गेला, राहून गेला, संसार केला. आता ढाल सॅमला देतोय. मग जुना रेकॉर्ड, घराची खिडकी, दोघांचा नाच, अंधार.

थिएटरमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

प्रश्न इतकाच की तो म्हातारा कोणत्या रस्त्याने त्या बाकावर आला? वेगळ्या ब्रँचमध्ये जगला असेल तर परत यायला यंत्र लागेल, आणि यंत्राच्या चौथर्‍यावर तर कुणीच उगवलं नाही. सिनेमा लागल्यानंतरच्या मुलाखतींमध्ये गंमत अशी झाली की खुद्द बनवणार्‍यांचंच एकमत नव्हतं. दिग्दर्शक रूसो बंधू म्हणाले, तो दुसर्‍या ब्रँचमध्ये जगला आणि मग इथे आला. लेखक ख्रिस्तोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली म्हणाले, नाही, तो याच जगात होता. पेगीचा नवरा पहिल्यापासून तोच. 'विंटर सोल्जर'मध्ये म्युझियममधल्या एका जुन्या मुलाखतीत पेगी सांगते की स्टीव्हने युद्धात वाचवलेल्या माणसांतच पुढे तिचा नवरा झालेला माणूस होता. लेखकांचं खरं मानायचं तर ते खोटं होतं, बायकोने नवर्‍याची ओळख लपवण्यासाठी सांगितलेलं.

तर दोन उत्तरं. भौतिकशास्त्राला कुठलंही चालेल. मला मात्र दुसरं चालत नाही, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात नाही.

लेखकांचं खरं धरा. मग बाकावर बसलेल्या त्या माणसाला काय काय माहीत होतं ते बघा. त्याचा जिवलग मित्र बकी, रेल्वेतून दरीत पडलेला, मेला नाहीये. त्याचा हात कापून, डोकं पुसून त्याला मारेकरी बनवलं जातंय, हे त्याला माहीत होतं. त्याची बायको ज्या संस्थेची संस्थापक, त्या शील्डच्या आतच हायड्रा पोसली जातेय, हे त्याला माहीत होतं. १६ डिसेंबर १९९१ ला त्याच बकीच्या हातून हॉवर्ड आणि मारिया स्टार्क मरणार आहेत, हेही त्याला तारखेसह माहीत होतं. हॉवर्ड म्हणजे त्याचा जुना सहकारी, टोनीचा बाप. पेगी संध्याकाळी ऑफिसातून दमून घरी येत असेल. हा पानं घेत असेल. आणि गप्प.

बरं, या गुन्ह्यात तो पहिल्यांदा सापडत नाही. 'सिव्हिल वॉर'चा शेवट आठवा. टोनी विचारतो, तुला माहीत होतं का? आणि स्टीव्हला होतं. मग तो पत्रात कबूल करतो की टोनीला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिलो असं मला वाटत होतं, खरं तर मी स्वतःला वाचवत होतो. इतका प्रामाणिक कबुलीजबाब दिलेला माणूस तीच चूक पुन्हा, पण आता काही दशकं, रोज करतो? आणि सिनेमा त्यावर संथ संगीत वाजवतो?

लुइसवाले इथे हात वर करतील. डेव्हिड लुइस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७६ साली कालप्रवासाच्या विरोधाभासांवर एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा सोपा करून सांगायचा तर, काळाची रेघ एकच असेल तर ती बदलता येत नाही. आजोबांना मारायला मागे गेलेल्या माणसाला हातात बंदूक असूनही जमणार नाही, कारण आजोबा तेव्हा मेले नव्हते हे ठरलेलं आहे. काहीतरी साधंच आडवं येईल. म्हणजे स्टीव्हने प्रयत्न केला असता तरी फसला असता. मान्य. पण प्रयत्न करून फसणं आणि प्रयत्नच न करणं यात फरक आहे, आणि बाकावरचा तो चेहरा चाळीस वर्षं धडपडून हरलेल्या माणसाचा नाही. फार शांत आहे तो.

सुपरहिरोंच्या सिनेमावर इतकं डोकं फोडतात का, असं मला घरच्यांनी पुष्कळदा विचारलंय. त्याच घरात कर्णावर अन्याय झाला की नाही यावर जेवणं थंड होईपर्यंत वाद झालेले मी पाहिलेत. कुंतीने युद्धाच्या आदल्या दिवसांपर्यंत तोंड का उघडलं नाही, हा प्रश्न मराठी माणसाने कधी 'गोष्ट आहे ती' म्हणून सोडून दिलेला नाही. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये कुंतीवर आख्खं प्रकरण लिहिलं. माहीत असून गप्प बसलेली माणसं आपल्याला छळतात. त्यांच्या अंगावर कवचकुंडलं आहेत की स्पँडेक्स, याने काय फरक पडतो.

आता मला अडचणीत आणणारा भाग. हा मुद्दा आमच्यातल्या एका मैत्रिणीचा, आणि ती वादात कधीच आवाज चढवत नाही, म्हणून जास्त घातक.

टोनी मोहिमेत सामील होताना अट घालतो: गेलेल्यांना परत आणा, पण मधली पाच वर्षं पुसू नका. कारण त्या पाच वर्षांत त्याला मुलगी झाली, मॉर्गन. म्हणून बॅनर चुटकी वाजवतो तेव्हा माणसं २०१८ मध्ये नाही, २०२३ मध्ये परत येतात. त्याचे परिणाम भयंकर. नंतरच्या 'वाँडाव्हिजन'मध्ये मोनिका रँबो हॉस्पिटलमध्ये पुन्हा अवतरते आणि तिला कळतं की आई मधल्या काळात गेली. 'फाल्कन अँड द विंटर सोल्जर'मध्ये परतलेल्यांसाठी जागा करताना दुसरेच निर्वासित होतात. एका बापाच्या हट्टापायी हे सगळं. तरी मी कायम टोनीच्या बाजूने. मॉर्गन एकटी नाही. पाच वर्षांत जन्मलेली जगातली सगळी मुलं त्या अटीमुळे वाचली. डेरेक पार्फिटने १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स'मध्ये ज्याला नॉन-आयडेंटिटी प्रॉब्लेम म्हटलं तो याच घरातला. काही माणसं जन्मालाच येतात ती आधी काहीतरी वाईट घडलं म्हणून. ते वाईट मुळातून उपटा म्हणणं म्हणजे त्या माणसांना म्हणणं की तुम्ही नसता तर बरं. ते तोंड वर करून कुणाला म्हणता येतं?

मैत्रीण म्हणाली, "मग हेच स्टीव्हला लाव ना. त्याने १९५० मध्ये बकीला सोडवलं असतं, तर पुढचं सगळं जग वेगळं. त्यातली निम्मी माणसं जन्मलीच नसती. टोनीने एका मुलीसाठी केलं ते चालतं, आणि यानं सगळ्यांसाठी गिळलं ते नाही?"

मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. सुचलं ते असं: टोनीसाठी ती पाच वर्षं होऊन गेलेली होती. रडून झालं होतं, सुतक संपलं होतं. स्टीव्हसाठी १९५० होऊन गेलेलं नव्हतं. तो तिथे उभा होता. बकी त्याच दिवशी, त्याच घटकेला, कुठल्यातरी टेबलावर ओरडत होता. ज्या जगात तुम्ही राहता, जेवता, ज्याचं भाडं भरता, त्याला भूतकाळ म्हणण्याची सोय तुम्हाला नाही. तुम्ही पुढे काय होणार ते वाचून आला असाल, म्हणून आजचं किंचाळणं जुनं होत नाही.

"मग बकीचं काय?" रूममेट म्हणाला. "निघताना बकी त्याला म्हणतो की तुझी आठवण येईल. पाच सेकंदांच्या प्रवासाला कोण असं म्हणतं? त्याला माहीत होतं. त्याला सांगून गेलाय. ज्याचं नुकसान झालं तोच सोड म्हणतोय, मग तू कोण?"

यावर मी चिडलो. जेवढं चिडायला नको तेवढं चिडलो, आणि का ते मला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी, पुण्यातल्या एका कंपनीत, आमच्या टीममधल्या नव्या मुलाने डेटाबेसवर एक स्क्रिप्ट चालवली. एका अटीत चूक होती. हजारो ग्राहकांचे पत्ते भलत्याच नोंदींवर जाऊन बसले. लक्षात यायला सहा तास गेले. बॅकअप होता, पण तो परत चढवला असता तर त्या सहा तासांतल्या नव्या ऑर्डरी गेल्या असत्या. आम्ही टोनीचीच अट पाळली: झालेलं पुसायचं नाही, पुढे जाऊन दुरुस्त करायचं. दोन रात्री बसून एकेक नोंद सरळ केली. त्याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे.

पण ती स्क्रिप्ट चालवण्याआधी कुणीतरी तपासून मंजूर करायची असते. ती मी मंजूर केली होती. रात्री साडेअकराला, आडवा पडून, फोनवर, न वाचता. नंतरच्या बैठकीत 'आपण कुणाला दोष देत नाही' असं सुरुवातीला म्हणून सगळा दोष त्या मुलाला दिला गेला. मला कुणी विचारलं नाही. मी सिनियर होतो, दुरुस्तीही मीच केली होती, त्यामुळे मी जवळपास हिरोच होतो. मी म्यूटवर होतो. अनम्यूटच्या बटणावर बोट ठेवलं होतं, हे अगदी खरं आहे, आणि त्याला काडीची किंमत नाही हेही. नंतर स्वतःला समजावलं की आता बोलून काय बदलणार. नुकसान झालंय, दुरुस्त झालंय. बॅनरचा नियम. तीन महिन्यांत तो मुलगा सोडून गेला. सोडून गेला म्हणजे काय ते नोकरी करणार्‍यांना कळेल.

ते 'आता' त्या तीन महिन्यांत रोज होतं. तो माझ्यापासून दोन खुर्च्या पलीकडे बसायचा.

त्या वादानंतर आठवड्याभराने मी त्याला फोन केला. आता तो बंगळुरूला असतो. हवापाणी झालं, ट्रॅफिक झालं, मग मी सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, मला माहीत होतं. अ‍ॅप्रूव्ह करणार्‍याचं नाव खालीच दिसतं ना. सगळ्यांनाच दिसत होतं."

मी विचारलं, मग तू बोलला का नाहीस.

"वाटलं, तुम्ही बोलाल," तो म्हणाला. आणि मग, थांबून, "आता नका लावून घेऊ. माझं छान चाललंय."

रूममेटला हे मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल, बघ, बकी.