निवांत रस्ता

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात संभाजीनगरची सहा-सात सायकलवाली मंडळी आमच्या वस्तीवर पाणी प्यायला थांबली. डोक्यावर टोप्या, अंगात भडक रंगाचे कपडे, आणि सायकली इतक्या हलक्या की एकानं दोन बोटांवर उचलून दाखवली. त्यातल्या एका बाईच्या चाकात सराटा घुसला होता. मी माझी पंक्चरची डबी काढून दिली. सराटा हे आमच्याकडचं न पेरता येणारं पीक आहे, त्यामुळं डबी कायम हाताशी असते. चहा झाला. निघताना त्यातला एक म्हणाला, "काका, मोठा रस्ता सोडल्यापासून एक गाडी भेटली नाही. इतका निवांत रस्ता आता राहिलाय कुठं? हा असाच ठेवा."

मला फार बरं वाटलं. जसा काही तो रस्ता मीच पिकवला होता. पण पलीकडच्या वस्तीवरची सून आमच्या बोअरवर हंडा भरत उभी होती. ती मंडळी दिसेनाशी झाल्यावर म्हणाली, "नाना, त्यांना म्हनायचं व्हतं, जूनमधी या."

एवढं बोलून ती हंडा घेऊन गेली. मी मात्र त्या एका वाक्याला धरून बसलो, आणि अजून सुटलेलो नाही.

मी स्वतःही सायकलवालाच आहे. शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. गुडघा चालू देईना, म्हणून पडवीतली जुनी अ‍ॅटलस झाडून काढली. पहाटे पाचला निघतो. शिवरस्त्यानं डांबरीवर, तिथून नांदूर-मधमेश्वरच्या जलद कालव्याच्या भरावाला. कालव्याला आवर्तन सुटलेलं असलं की पाणी सोबत चालतं. कधी रोटेगाव स्टेशनाकडं वळतो, मनमाडकडून येणारी गाडी बघतो आणि परत फिरतो. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाला कुणाची बाजरी निसवली हे दिसतं, पण बाजरीचा वास येत नाही. सायकलवर येतो. मका कुठं सोंगली, कांद्याचं रोप कुणी टाकलं, कुणाच्या विहिरीवर मोटार चालू आहे, हे न विचारता कळतं. सरला बेटाचा सप्ताह आसपासच्या गावात असला तर हाच रस्ता भाकरीच्या ट्रॅक्टरांनी गजबजतो. एरवी तास-तास एक माणूस भेटत नाही. हे सुख मी घेतो, त्यामुळं त्या शहरातल्या माणसाला नावं ठेवायचा मला हक्क नाही.

पण रस्ता निवांत का असतो, हे कधी विचारलं नव्हतं. कालव्याचा भराव निवांत आहे, कारण तो कुठल्या गावाला जाण्यासाठी बांधलेलाच नाही. तो पाण्याचा रस्ता आहे, आपण फुकटचे वाटसरू. तिथल्या शांततेचं कुणाला ओझं नाही. आमच्या शिवरस्त्याचं तसं नाही. तिथं वाहन येत नाही, कारण येऊ शकत नाही. काळी माती. मृगाचे दोन पाऊस झाले की बैलगाडीचं चाक आऱ्यापर्यंत जातं. दुधाचे कॅन डोक्यावर, शाळेची पोरं चपला हातात. ज्याला जमलं तो वाळूजच्या कंपनीत गेला आणि तिकडंच खोली घेऊन राहिला. म्हणजे एक शांतता असते कालव्यावरची, आणि एक असते माणसं निघून गेलेल्या ओट्यावरची. सायकलवरून जाताना दोन्ही सारख्याच गोड लागतात.

आमच्या तालुक्यातनं समृद्धी महामार्ग गेला आहे. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. जांबरगावला चढायची-उतरायची सोय आहे. त्यावर सायकल सोडा, मोटारसायकललाही परवानगी नाही. आम्ही खालच्या बोगद्यातनं इकडून तिकडं जातो, वर ताशी १२० नं गाड्या जातात. लोक म्हणतात हा श्रीमंतांचा रस्ता. असेल. पण त्या रस्त्याची एक इंच जागा कुणी नांगरून आत घेत नाही. दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि मालक जागा आहे. आमच्या शिवरस्त्याला कुंपण नाही, आणि मालक म्हणजे सगळेच. सगळेच मालक असले की राखण कुणीच करत नाही.

आता मूळ गोष्टीकडं येतो. ती सांगायला मला अवघड जातं.

गावनकाशात गाडीमार्ग दुबार तुटक रेघेनं दाखवतात, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्गाला एकेरी तुटक रेघ, सव्वाआठ फूट. आमचा शिवरस्ता दुबार रेघेचा आहे. जमिनीवर मात्र तो आठ-नऊ फूट उरला होता. बाकीचा गेला कुठं? माझ्या बाजूचा माझ्या कपाशीत गेला, समोरच्या बाजूचा समोरच्याच्या मक्यात. वडील नांगर धरायचे तेव्हा वळण घेताना एक तास रस्त्याकडं ढकलायचे. चोरी म्हणून नाही. बैल वळायला जागा पाहिजे, असं म्हणायचे. पुढच्या साली त्या तासात पेरणी व्हायची, आणि बैल वळायला पुन्हा जागा लागायची. मग मी ट्रॅक्टर आणला. ट्रॅक्टरला वळायला बैलापेक्षा जास्त जागा लागते.

भावाच्या बांधावर वीतभर सरकलो असतो तर डोकी फुटली असती. रस्त्यानं कधी तक्रार केली नाही.

यात मला सगळ्यात जास्त काय टोचतं ते सांगतो. १९७२ च्या दुष्काळात माझी माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मी बारा वर्षांचा होतो. तिथं मिळणारी सुकडी ती पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. आमचा शिवरस्ता ज्या डांबरीला मिळतो, तो रस्ता त्या वेळच्या खडीवर उभा आहे. पुढं म्हातारपणी बैलगाडीतनं जाताना ती हात करून दाखवायची, "ही माही खडी." तिच्याच घरात मी रस्ता खात होतो.

पलीकडच्या वस्तीवरचा माझा सोबती. एका सायकलीवर डबलसीट आम्ही दोघं वैजापूरला शाळेत जात होतो, चढाला तो उतरायचा, उताराला मी. १९७६ ला दोघंही दहावी झालो आणि दोघंही औताला लागलो. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आसपास एका रात्री त्याच्या छातीत दुखायला लागलं. पाऊस चालू होता. जीप आत येईना, ट्रॅक्टर ओढ्याच्या अलीकडं रुतला. बाजेवर घालून आम्ही सहा जणांनी त्याला डांबरीपर्यंत नेला. माझ्या शेताजवळ दोन माणसं जोडीनं चालतील एवढीही कोरडी जागा नव्हती. एक जण कपाशीत, एक जण चिखलात. तालुक्याला पोचलो तेव्हा उशीर झाला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तरी वाचला असता असं सांगता येणार नाही.

ते वाक्य मी वर्षभर उशाला घेऊन झोपलो.

त्याच्या पोरानं पुढच्या साली तहसीलला अर्ज केला. रस्ता मोकळा करा, म्हणजे पाणंद योजनेतनं मुरूम-खडी टाकता येईल. २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी नावाची त्यासाठी योजना आहे. जुना मामलतदार कोर्ट कायदा १९०६ चा, वाटेतला अडथळा काढायचा अधिकार तहसीलदाराला त्यानंच दिलेला आहे. म्हणजे वाट अडवायचा रोग माझ्या बापाच्याही आधीचा. चावडीवर बैठक झाली. मी उठून बोललो, "रस्ता रुंद केला की रात्री वाळूचे हायवा याच वाटेनं येतील. धूळ, अपघात. गावाची शांतता जाईल." माना डोलल्या. मी बोललेलं खोटं नव्हतं. गोदावरीकाठच्या गावांना विचारा, हायवा काय असतो ते. पण मला हायवाची काळजी नव्हती, कपाशीच्या दोन ओळींची होती. खोटं बोललो असतो तर कुणीतरी धरला असता. खरं बोललो, म्हणून सुटलो.

माझ्या सोबत्याचा पोरगा त्या दिवशी काहीच बोलला नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला. आणि मग दसऱ्याला त्याची बायको बोलली, एवढंच एक वाक्य.

थोरल्यापुढं मी विषय काढला तर तो मोबाईलवर हिशेब करून बसला. सातशे फूट लांब, चार फूट रुंद, अडीच गुंठ्याच्या वर जातंय. "आजोबांनी कमावलेलं तुम्ही घालवताय," म्हणाला. मी म्हणलं, "कमावलेलं नाही रे, वळताना सापडलेलं." तो उठून गेला. त्याचंही चुकतंय असं मी म्हणत नाही. त्याच्या जन्माच्या आधीपासून ती जागा शेतात आहे, त्यानं तिच्यात खत टाकलंय. बापानं घेतलेलं परत करताना लेकाच्या हातातनं जातं. कधी, कितव्या पिढीला परत करायचं असतं, याचं उत्तर कायद्यात असेल. मी माझ्यापुरतं ठरवलं की डोळ्यांपुढं बाज येत असताना तरी पुढच्यावर टाकायचं नाही.

कपाशी वेचून झाल्यावर जेसीबी बोलावला. बांधावरची एक बोर गेली, तिचं वाईट वाटलं. समोरच्यानं अजून जागा सोडलेली नाही, त्याची तारीख चालू आहे. ओढ्यापर्यंत मुरूम पडला, पुढं चिखल तसाच. हायवाही एकदा रात्री आला होता. आम्ही पाच-सात जण बॅटऱ्या घेऊन रस्त्यात उभे राहिलो, तो मागं फिरला. पुन्हा येईल.

माझी पहाटेची फेरी चालू आहे. आता रस्ता पूर्वीसारखा निवांत नाही. परवा मागून दुधाची पिकअप आली. हॉर्न वाजला तसा मी उतरून कडेला झालो. जिथं उभा होतो तिथं गेल्या साली कपाशी होती. गाडीत माझ्या सोबत्याचा नातू पुढं बसला होता, शाळेच्या कपड्यात, पायात बूट. त्यानं हात केला. धूळ बसेपर्यंत मी थांबलो, मग सायकलवर बसायला गेलो तर मागचं चाक बसलेलं. सराटाच होता. डबी घरी राहिली होती, सायकल हातात धरून चालत आलो.