एकांत कोणी द्यायचा?

गिरगाव, परळ, लालबागच्या चाळीत लग्न निघालं की सगळं ठरवून होतं. देवक कधी बसवायचं, हळद कोणत्या दिवशी, जेजुरीला किंवा एकवीरेला कधी जायचं, सत्यनारायण कोणत्या वारी. कुलदैवताचं दर्शन आणि पूजा झाल्याशिवाय नवरानवरीनं एकत्र निजू नये, हा संकेत आजही अनेक घरांत पाळतात. म्हणजे जोडप्यानं केव्हा एकत्र यावं याची काळजी धर्माच्या नावानं घेतली जाते. कुठे, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सासूसासरे, दीर, नणंद आणि मध्ये एक पडदा. आणि वर्ष उलटायच्या आत गोड बातमीची विचारणा. या ओढाताणीवर १९७० साली ‘मुंबईचा जावई’ हा मराठी चित्रपट आला, दोन वर्षांनी तो ‘पिया का घर’ म्हणून हिंदीतही झाला. पडद्यावर ती गोष्ट हसतखेळत पाहता येते. प्रत्यक्षात तिच्यात एक गंभीर धर्मप्रश्न आहे: नवविवाहितांना एकांत देणं ही घरच्यांची मेहेरबानी आहे की कर्तव्य? ते कर्तव्य आहे, आणि आपल्या परंपरेनंच ते तसं मानलेलं आहे, असं माझं म्हणणं आहे.

लग्नात वधूपिता वराकडून वचन घेतो ते धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही बाबतींत हिला सोडून वागणार नाही असं. काम तिथे चोरून आलेला नाही. भर मांडवात त्याचा उच्चार होतो. गीतेच्या सातव्या अध्यायात धर्माला धरून असलेला काम हे स्वतःचंच रूप असल्याचं कृष्ण सांगतो. गृह्यसूत्रांनी लग्नानंतर तीन रात्रींचं ब्रह्मचर्य सांगितलं आणि चौथ्या दिवशी चतुर्थीकर्म. सोळा संस्कारांत पहिला मान गर्भाधानाचा. वात्स्यायन तर नव्या नवरीचा विश्वास कसा मिळवावा यासाठी अख्खा अध्याय देतो. घाई नको, जबरदस्ती नको, आधी बोलणं, मग हळूहळू जवळीक, हा त्याचा उपदेश. या सगळ्या विधींमागे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: दोघांना दोघंच असता येईल अशी जागा. मांडवात कामाचं वचन घ्यायचं आणि घरात ते पाळायला जागा ठेवायची नाही, तर त्या मांडवानं नवऱ्याकडून अशक्य गोष्ट वदवून घेतली, असंच म्हणावं लागेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आमच्या आईवडिलांनी याच खोलीत पाच-सहा मुलं वाढवली, त्यांचं कुठे अडलं? मुलं झाली हे खरं. पण मूल होणं हा जवळिकीचा पुरावा नाही. अंधारात, श्वास रोखून, बांगडी वाजू नये म्हणून हात आवळून धरलेल्या बाईला त्या क्षणी काय वाटत होतं, हे त्या मुलांच्या संख्येवरून कळत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यात वाचक कामजीवनाविषयी मन मोकळं करून प्रश्न विचारत. घराघरांत सगळं सुरळीत असतं तर त्या प्रश्नोत्तरांची गरजच पडली नसती. आणि त्यांच्यावरूनच कर्व्यांवर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर वकील म्हणून त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

पण या आक्षेपात एक मोलाची गोष्ट दडलेली आहे, ती आक्षेप घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जुन्या चाळीत एकांत नव्हता असं नाही. तो माणसं निर्माण करत होती. म्हातारे आणि तरणे पुरुष वळकट्या घेऊन गॅलरीत निजायचे. नवं जोडपं पोटमाळ्यावर जायचं. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, त्यामुळे भाऊ रातपाळीला गेला की खोलीतलं एक माणूस कमी व्हायचं. शेजारीण मुलांना आपल्याकडे झोपवून घ्यायची आणि त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. हे सगळं न बोलता चाले. कोणीतरी बाजूला होत होतं म्हणून दुसऱ्या कोणाला जागा मिळत होती, आणि बाजूला होणारा त्याला उपकार समजत नव्हता. मला तो त्या चाळींचा खरा गृहस्थधर्म वाटतो, कोणत्याही पूजेइतका पवित्र. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, गिरण्या एकेक करून संपल्या आणि रातपाळीही गेली. गॅलऱ्या बंदिस्त होऊन खोल्यांत सामील झाल्या. टीव्ही मध्यरात्रीपर्यंत चालू राहिला. न बोलता होणारी सोय मोडली, आणि बोलायची सवय आपल्याला लागलेलीच नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. संयम हा सद्गुण आहे, मग थोडं थांबलं तर बिघडलं काय? बिघडतं ते असं की संयम हे व्रत आहे आणि व्रत स्वतः घ्यायचं असतं. जागा नाही म्हणून लांब राहणं ही उपासमार आहे, तिला उपवासाचं पुण्य कसं लागेल? शिवाय शास्त्रानं त्या व्रतालाही मुदत घातली. लाजेचं कारण पुढे करणाऱ्यांनाही हेच सांगावंसं वाटतं. लाज ही एकांताची राखणदार आहे. ती सुनेनं तोंड मिटून बसावं यासाठी नाही, थोरांनी वेळेवर उठून बाहेर जावं यासाठी आहे. कुराणाच्या चोविसाव्या सुरेत घरातल्या मुलांनी आणि सेवकांनी पहाटे, दुपारच्या विश्रांतीला आणि रात्रीच्या नमाजानंतर, अशा तीन वेळी आत येण्यापूर्वी परवानगी घ्यावी असा स्पष्ट नियम आहे. गिरगावापासून भेंडीबाजार फार लांब नाही. धर्मग्रंथाला जे उघड सांगताना संकोच वाटला नाही, ते सांगताना घरातल्या वडीलधाऱ्यांना तो का वाटावा?

मग वेगळं राहा, असं कोणी म्हणेल. दादर-परळच्या भाड्यात ते किती जणांना परवडतं? आणि ज्यांना परवडतं त्यांच्यावरही आईवडिलांचं ऋण असतंच. सबळ कारण नसताना नवऱ्याला आईवडिलांपासून तोडण्याचा हट्ट ही क्रूरता ठरू शकते, असं २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. म्हणून तर मी वेगळ्या घराची नव्हे, त्याच घरातल्या कर्तव्याची गोष्ट करतो आहे. ते न पाळल्याचा भुर्दंड जोडप्याला एकट्यानं भरावा लागतो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात शरीरसंबंध न आल्यामुळे विवाह रद्द ठरवून घेता येतो, पण त्यासाठी जोडीदाराची असमर्थता सिद्ध करावी लागते. खोलीच्या असमर्थतेचं कलम नाही. महिनोन्‌महिने आवाजाच्या आणि पावलांच्या भीतीत राहिलेल्या दोघांचं शरीर आकसणारच. त्याचा दोष मात्र नवऱ्याच्या पुरुषत्वावर किंवा बायकोच्या थंडपणावर ढकलला जातो. परळच्याच केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारींनी लैंगिक आरोग्याचा विभाग उभा केला. डॉक्टर भीती आणि अज्ञान दूर करू शकतो, सासऱ्यांना तासभर देवळात पाठवू शकत नाही. ते काम घरातल्याच माणसाचं.

बीडीडी चाळींच्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांतून आता पाचशे चौरस फुटांची घरं होत आहेत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. भिंती वाढल्या म्हणजे प्रश्न सुटला, असं मी मानत नाही. आतली खोली कोणाची, दाराला कडी लावली तर चालेल का, रविवारी दुपारी ती लागलेली दिसली तर कोणाच्या कपाळाला आठी पडेल, हे चौरस फुटांवर ठरत नाही. आणि हे कर्तव्य खरं असेल तर ते फक्त नव्या जोडप्यापुरतं राहणार नाही. चाळीस वर्षं मुलांच्या, दिरांच्या, पाहुण्यांच्या गर्दीत ज्यांना एकमेकांशी दोन वाक्यं मोकळेपणी बोलता आली नाहीत, त्या साठीतल्या आईवडिलांनाही त्या खोलीवर तितकाच हक्क आहे. आणि त्यांच्यासाठी संध्याकाळी शिवाजी पार्कवर फेरी मारायला निघणं हे मुलासुनेचं काम आहे.