कोरडी जगबुडी

जांभूळचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक एकाच बातमीत. जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्तीचं काम, चोवीस तास पाणीपुरवठा बंद. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं, उल्हास नदीकाठचं हे गाव कळवा-मुंब्रा-दिव्यातल्या बहुतेकांनी पाहिलेलंही नसेल. पण ते नाव वाचलं की घराघरांत पिंपं घासायला निघतात. बारवी धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत येतं, जांभूळला पंपांनी उचललं जातं, गाळून, क्लोरीन देऊन मोठ्या जलवाहिन्यांतून दूरवरच्या कारखान्यांना आणि वस्त्यांना जातं. बंदच्या आदल्या रात्री आमच्याकडे भरायला काही शिल्लक राहत नाही. पिंप, बादल्या, कळश्या, घागर, आणि शेवटी कुकरसुद्धा.

आकाशातून येणाऱ्या संकटांबद्दल लिहायला बसले आणि मला आधी हा कुकर आठवला. त्याला कारण आहे.

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. सकाळी सहाला पाणी आलं होतं, मी बादली लावून उभी होते आणि शेजारच्या काकू हातात फोन घेऊन आल्या. ‘अगं, २०३२ ला मुंबईवर आकाशातून दगड पडणार म्हणे. बघ, नाव दिलंय मुंबईचं. आपण किती लांब गं तिथून?’

‘लोकलने दीड तास.’

‘मग ठीक आहे,’ म्हणाल्या आणि आपली कळशी आणायला गेल्या.

काकूंच्या फोनमधली बातमी या खेपेला अफवा नव्हती. २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला दिसला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर गेली. एवढ्या आकाराच्या दगडासाठी एवढा मोठा आकडा त्याआधी कधी निघाला नव्हता. पडलाच तर कुठे पडेल, याचा पट्टा पूर्व प्रशांत महासागरातून दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबी समुद्र असा थेट दक्षिण आशियापर्यंत येत होता. मुंबई त्या पट्ट्यात होती. पुढच्या काही दिवसांत शक्यता जवळपास शून्यावर आली आणि व्हॉट्सॲपवर दुसरा निरोप फिरला: शास्त्रज्ञ तोंडघशी पडले.

मला राग आला तो या दुसऱ्या निरोपाचा. कुणीही तोंडघशी पडलं नव्हतं. समजा, तुमची वहिनी बारा डब्यांच्या बदलापूर लोकलमध्ये कुठेतरी बसली आहे, तिचा पास कालच संपलाय आणि पाचव्या डब्यात टीसी उभा आहे. ती पाचव्यात असण्याची शक्यता बारात एक. तुम्ही पहिल्या डब्यात डोकावता, नाही. शेवटच्या डब्यात, नाही. असं करत चारच डबे उरतात तेव्हा शक्यता चारात एक झालेली असते. तुमचा जीव टांगणीला लागतो, आणि पाचव्या डब्यात पाहावं तर तिथेही ती नाही. शक्यता एकदम शून्य. चढणारा आकडा आणि कोसळणारा आकडा, दोन्ही बरोबरच होते. लघुग्रहाच्या मार्गातल्या अनिश्चिततेचा पट्टा निरीक्षणागणिक आक्रसत जातो, आणि पृथ्वी त्या पट्ट्यात आहे तोवर धोका वाढताना दिसतो.

वायआर४सारखा साठेक मीटरचा दगड काय करतो, याचा जवळचा दाखला ३० जून १९०८ चा आहे. सायबेरियातल्या तुंगुस्का भागात तशाच आकाराचं काहीतरी हवेतच फुटलं आणि सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं. म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी होतात, त्याच्या तिपटीहून जास्त. ‘लोकलने दीड तास’ हे उत्तर तितकंसं आश्वासक नाही, हे मी काकूंना सांगितलं नाही. आपल्याकडे त्या आठवड्यात कुणाचं आकाशाकडे लक्ष असण्याचं कारण नव्हतं. २४ जूनला लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली होती. मृग नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ ठरवायला निघालेला, १८९३ मध्ये ‘ओरायन’ लिहिणारा माणूस कोठडीत असताना आकाशाने हे करावं, हा योगायोगच. तुंगुस्काच्या जागेवर पहिली शास्त्रीय मोहीम पोहोचली ती १९२७ मध्ये.

एक उपयोगी गोष्ट सांगून पुढे जाते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर वीसेक मीटरचा दगड फुटला, तेव्हा सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली ती बहुतेक काचांनी. आधी लख्ख उजेड पडला, लोक खिडकीशी धावले, आणि धक्क्याची लाट मिनिटाभराहून अधिक वेळाने आली. आकाशात अचानक दुसरा सूर्य दिसला तर खिडकीपासून लांब व्हायचं.

या संकटाचं एक बरं आहे, ते वळवता येतं. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहाला धडक दिली आणि जोडीच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीच्या त्याच्या अकरा तास पंचावन्न मिनिटांच्या फेरीतून अर्धा तास कमी झाला. जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेत हे वळवणं कितीतरी आधी येऊन गेलं होतं. नारळीकर पक्के असे की तिथे अवकाशात वैज्ञानिक उपाय चालू असताना शास्त्रज्ञाच्या घरी शांतियज्ञही चालू असतो. ज्यांना अष्टग्रही आठवते त्यांना तो यज्ञ अतिशयोक्ती वाटणार नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह मकर राशीत एकत्र आले तेव्हा देशभर होमहवनं झाली. माझी आई सांगायची, उद्या जग राहणार नाही म्हणून घरात श्रीखंड केलं होतं. १९७९ च्या जुलैमध्ये स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश-प्रयोगशाळा पडणार होती तेव्हा मी शाळेत होते. ती ११ जुलैला पडली, ऑस्ट्रेलियात आणि आसपासच्या समुद्रात. आमच्या वर्गात दुसऱ्या दिवशी हजेरी कमी होती एवढंच नुकसान झालं. (लोणारबद्दल इथे लिहिणार नाही. दर दिवाळीत कुणी ना कुणी त्यावर लिहितंच.)

मराठीत या सगळ्याला एक शब्द आहे: जगबुडी. जग संपणार म्हणजे बुडणार, अशी आपली पक्की समजूत. पावसाच्या मुलखातली भाषा दुसरं काय म्हणणार? २६ जुलै २००५ ला उल्हास नदी आली तेव्हा, किंवा २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली आणि हजारभर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं तेव्हा, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. बारवीची उंची वाढवताना ज्यांच्या जमिनी आणि घरं पाण्याखाली गेली, त्यांना तर तो शब्द अलंकार म्हणून वापरायची सोयच उरली नाही. आपल्या बादलीतलं पाणी त्यांच्या अंगणावरून येतं.

पण आपण ज्या जमिनीवर उभे आहोत ती बुडण्यातून आलेली नाही. अंबरनाथचं शके ९८२ मधलं शिवमंदिर ज्या काळ्या दगडाचं आहे, मलंगगड ज्याचा आहे, तो थिजलेला लाव्हा आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला आणि काही लाख वर्षं थांबत थांबत वाहत राहिला. आजही त्याने पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते. या थरांना भूशास्त्रज्ञांनी दिलेली नावं वाचताना मला स्टेशनवरच्या घोषणा ऐकल्यासारख्या वाटतात: इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात डायनोसॉर कसे मेले यावर वाद झाला, की आपल्या नेरळचं नाव निघतं.

आणि वाद चांगलाच जुंपलेला आहे. १९८० मध्ये लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी त्या काळच्या मातीच्या थरात इरिडियम हा लघुग्रहांत आढळणारा धातू दाखवून लघुग्रहाला आरोपी केलं. पुढे मेक्सिकोच्या किनाऱ्याशी चिक्शुलूबचं सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवर सापडलं. दगड दहाएक किलोमीटरचा असणार. तिकडे गेर्टा केलर आणि इतर काही जण म्हणत राहिले, खरा मारेकरी दख्खनचा लाव्हा आणि त्याचे वायू. २०१५ मध्ये तिसराच विचार पुढे आला: तिकडच्या धडकेने इकडची भट्टी जास्त भडकली असेल. २०१९ मध्ये सह्याद्रीतले दगड नेऊन दोन गटांनी कालमापन केलं. एकाचं म्हणणं, मोठा उद्रेक धडकेच्या आधी. दुसऱ्याचं, बराचसा लाव्हा धडकेनंतर. दोन्ही निबंध ‘सायन्स’च्या एकाच अंकात. एक गोष्ट मात्र कुणी नाकारत नाही: पृथ्वीवरच्या सजीवांच्या जवळजवळ तीन चतुर्थांश जाती त्या वेळी गेल्या, आणि त्या वेळी आपली ही जागा तापलेल्या तव्यासारखी होती.

मग या तव्यावर बेडूक कुठून आला? वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या थरांमध्ये अडकलेला तळ्याचा गाळ आहे. त्यात छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले, आणि १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. आज त्याला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. तो थर महासंहारानंतरचा आहे. म्हणजे आकाशातून दगड पडून गेला, जमिनीतून आग येऊन गेली, अजून येतच होती, आणि दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात साचलेल्या डबक्यात हे डरांव डरांव करत होते. जूनच्या पहिल्या सरीनंतर जांभूळच्या शेतांत रात्री जो गोंगाट होतो, तो ऐकताना मला ‘जीवसृष्टीचा अंत’ हे शब्द फार सैल वाटू लागतात. जीवसृष्टी चिवट आहे. ती संपवायला बरंच काही लागतं. आपली मांडामांड मोडायला मात्र फारच थोडं लागतं, आणि बहुतेक वेळा आपल्याला भीती वाटत असते ती या दुसऱ्या गोष्टीची. नाव मात्र आपण पहिलीचं घेतो.

त्या थोड्याचं मोजमाप मुंबईतच झालेलं आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्याच्या डागांवर पांढरा झगमगाट दिसला. साडेसतरा तासांनी सूर्यावरून निघालेलं वादळ पृथ्वीवर येऊन धडकलं. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. आणि कुलाबा वेधशाळेत डोळ्यांनी पाहून हाताने नोंदी करणाऱ्या माणसांनी चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आलेलं टिपलं. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना आणि त्यांचे सहकारी यांनी या जुन्या नोंदी जगापुढे आणल्या, तेव्हा त्या वादळाचा आवाका आकड्यांत कळला. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेचं आकाश लाल करणारं वादळ चारशेच्या घरातलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकसुया नाचतील, म्हणून कुलाब्याचं हे मोजमापाचं काम अलिबागला नेलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे मोजून जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळवला. अलिबागला लोकल पोहोचलेली नाही, याचं दुःख न करणारी ही एकच कचेरी असावी.

१८५९ मध्ये मुंबईत बंद पडण्यासारखं होतं काय? आता मोजा. १३ मार्च १९८९ च्या, कितीतरी सौम्य वादळाने कॅनडातल्या क्वेबेकमध्ये साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालवली. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने वीजवाहिन्यांना धोका तितका नाही, हे खरं. पण उपग्रहांवर चालणारी घड्याळं, नकाशे, बँका यांना अक्षांश कळत नाहीत. आणि वीज जाण्याची रंगीत तालीम आपण सूर्याच्या मदतीशिवाय केलेली आहे: १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाची वेळ, मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. वीज गेली की पंप थांबतो. पंप थांबला की नदी काठोकाठ भरलेली असली तरी पिंप रिकामं. सूर्याचं वादळ एकाही बेडकाला मारणार नाही. ते आपल्याला कुकरपर्यंत आणून सोडेल.

ताऱ्यांच्या स्फोटांची भीती त्या मानाने पुस्तकी. २०१९ च्या अखेरीस आर्द्रा, म्हणजे मृगातला तो तांबूस तारा, एकाएकी मंदावला आणि आता फुटणार अशी हाकाटी झाली. तो फुटेल, दिवसाही दिसेल, पण पाचशेहून जास्त प्रकाशवर्षं दूर आहे. इजा व्हायला तारा पन्नासेक प्रकाशवर्षांच्या आत हवा. आर्द्रा म्हणजे ओली. शेतकरी तिच्याकडून पावसाचीच अपेक्षा करतो, आणि तीच बरोबर आहे.

खरा, टळणार नाही असा शेवट आहे तो रोज सकाळी पूर्वेकडून येतो. सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं, आणि त्याचं तेज दर शंभर कोटी वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. तो फुगून लाल होईल ते फार पुढे. त्याच्या कितीतरी आधी, शंभरेक कोटी वर्षांत, समुद्रांची वाफ वर जाऊ लागेल, तिथे अतिनील किरणं तिचे तुकडे करतील, आणि हायड्रोजन अवकाशात निसटून जाईल. निसटलेला हायड्रोजन परत येत नाही. आधी नद्या, मग समुद्र, मग जमिनीतली ओल. म्हणजे आपल्या भाषेने ज्याचं नाव जगबुडी ठेवलं, ते प्रत्यक्षात आटणं असणार. त्यासाठी मराठीत शब्द नाही. दुष्काळ म्हणावं तर दुष्काळानंतर पाऊस धरलेला असतो.

काकूंना हे सांगायला गेले होते एका शुक्रवारी, बंदच्या दिवशी. त्या गॅलरीत बसून कालच्या कळशीतल्या पाण्याने तांब्याभर का होईना तुळशीला घालत होत्या. सांगायचं राहूनच गेलं. मध्यरात्री नळ आधी नुसता फुसफुसला, दोन-तीनदा खोकला, मग तांबूस धार आली. ती वाहू दिली, फरशी पुसायच्या बादलीत. निवळायला पाचेक मिनिटं लागली असतील. तोवर पलीकडून भिंतीवर थाप पडली. ‘आलं गं.’