जुनी आणि झिजलेली

एसटीच्या आगारात 'कंडम' हा शब्द उठता-बसता कानावर पडतो. मूळ इंग्रजी असला तरी आता तो आपल्या घरचाच झालाय. आमच्या बीडकडं दुखऱ्या गुडघ्यालाही तोच लावतात. सरकारी कागदावर गाडी कंडम करण्याला 'निर्लेखन' म्हणतात, आणि निर्लेखन झालं की मग लिलाव. लहानपणी मला वाटायचं, गाडी चालेनाशी झाली की कंडम होते. पुढं अशा पुष्कळ गाड्या पाहिल्या, ज्या पत्रा फाटून, खिडकीला काच न उरून, पावसात आत छत्री उघडायला लावूनही रोज धावत होत्या आणि कंडम नव्हत्या. आणि काही अशाही पाहिल्या, ज्या आपल्या पायांनी चालत येऊन कंडमच्या रांगेत उभ्या राहिल्या.

तेव्हा हे दोन वेगळे शब्द आहेत, असं धरून चालू. झिजणं ही गाडीची अवस्था आहे. ती रस्त्यावर, खड्ड्यावर, देखभालीवर अवलंबून असते. गाडीजवळ उभं राहिलं की डोळ्यांना दिसते. जुनं होणं मात्र एकट्या गाडीच्या हातात नाही. गाडी जुनी होते ती तिच्या पुढची गाडी आली म्हणून. पुढची आलीच नाही, तर ती झिजत राहते, पण जुनी होत नाही.

मुंबईच्या लोकलचं उदाहरण घ्या. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली, ती 1500 व्होल्टच्या एकदिश (डीसी) प्रवाहावर. पुढं अनेक दशकं मुंबईच्या तारांत तोच प्रवाह होता. मग टप्प्याटप्प्यानं 25 हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला, आणि एप्रिल 2016 मध्ये हार्बर मार्गावर डीसीवरची शेवटची लोकल धावून गेली. ज्या रेकांना फक्त जुनाच प्रवाह चालत होता, त्यांच्या मोटारी आदल्या रात्रीपर्यंत फिरत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना लागणारी वीजच तारेत नव्हती. चाकं तीच, बाकं तीच, पण गाडी एका रात्रीत जुनी झाली. झीज म्हणावी तर कालच्याइतकीच.

उलट बाजूचं उदाहरण इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर सापडतं. तिथल्या राइड गावाजवळच्या बोगद्याची उंची कमी आहे. नेहमीच्या आकाराची गाडी त्यातून जात नाही. म्हणून लंडनच्या भुयारी रेल्वेनं काढून टाकलेल्या बुटक्या गाड्या तिथं नेल्या. त्यातल्या 1938 च्या घडणीच्या गाड्यांनी लंडनमध्ये पन्नास वर्षं काढली होती. 1989 पासून त्या बेटावर धावू लागल्या आणि जानेवारी 2021 मध्ये थांबल्या, म्हणजे ऐंशी ओलांडल्यावर. त्यांच्या जागी 'नव्या' म्हणून ज्या आल्या, त्या लंडनच्याच डिस्ट्रिक्ट मार्गावरून निवृत्त झालेल्या डब्यांवर नवी यंत्रणा बसवून केलेल्या. लंडनच्या हिशेबात ज्या विकून टाकायच्या, त्या बेटाच्या हिशेबात उद्घाटनाच्या. गाडी एकच, वय एकच. जुनेपण मात्र मालकागणिक वेगळं.

यावर कोणी म्हणेल, मग बरंच आहे की. एकाचं जुनं ते दुसऱ्याचं नवं, पैसा वाचला, लोखंड वाचलं. पण इथं थोडं थांबावं लागतं, कारण विकणाऱ्याच्या वहीत एक गोष्ट बसत नाही. अर्जेंटिनाच्या ब्युनॉस आयर्सनं नव्वदच्या दशकात टोकियोच्या मारुनोउची मार्गावरचे लाल डबे विकत घेतले. ते इतके टिकले, आणि टोकियोकरांना त्यांची इतकी ओढ, की 2016 मध्ये त्यांतले काही डबे समुद्र ओलांडून पुन्हा जपानला नेले. ब्युनॉस आयर्सनंच पुढं माद्रिदच्या मेट्रोकडून वापरलेल्या गाड्या घेतल्या. 2018 मध्ये त्यांत अ‍ॅसबेस्टॉस निघालं आणि गाड्या सेवेतून काढाव्या लागल्या. म्हणजे लाकूड चांगलं की वाळवी लागलेलं, हे घेणाऱ्याला वरून दिसत नाही. साखळीच्या शेवटच्या टोकाला जो उभा असतो, त्याच्याकडं गाडीबरोबर तिचं सगळं मागचं आयुष्य येतं, मग ते कोणी सांगितलेलं असो वा नसो.

आता बीडकडं येऊ. परळीला रेल्वे होतीच, पण जिल्ह्याचं ठाणं असलेल्या बीडला नव्हती. गंमत अशी, की निजामाच्या राज्यात 1932 साली सरकारी बस सुरू झाली ती त्याच्या रेल्वेखात्यामार्फत. बीड त्याच राज्यातलं. त्या खात्याची बस निजामाच्या रस्त्यांवर फिरू लागली, रेल्वेला मात्र बीडपर्यंत पोचायला नव्वदच्या वर वर्षं लागली. अहमदनगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला. आष्टीपर्यंतचा 66 किलोमीटरचा तुकडा सप्टेंबर 2022 मध्ये उघडला आणि 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीड ते अहिल्यानगर (म्हणजे पूर्वीचं अहमदनगर) गाडी सुरू झाली. लोकांनी डोळे पुसले, त्यात मला काही अतिरेक वाटला नाही. दोन पिढ्यांनी ज्या रुळांवर निवडणुका ऐकल्या, ते रूळ प्रत्यक्ष वाजले.

पण आपल्या मुद्द्याच्या दृष्टीनं पाहण्यासारखं निराळंच आहे. गाडी नवी आली, आणि विकायला जुनी मात्र काहीच निघाली नाही. जिथं आधी काही नव्हतं, तिथं जुनं कशाला होणार? मग एसटी तरी जुनी झाली का? तीही नाही. सुरुवातीच्या वेळापत्रकात रेल्वेला बीड ते नगर या 168 किलोमीटरला सुमारे साडेपाच तास लागत होते. ज्याला दुपारपर्यंत नगरचं काम उरकून रात्री घरी यायचं, तो स्टँडवरच जाणार. यातून आपल्या विचाराला एक दुरुस्ती करावी लागते. पुढची गाडी नुसती येऊन भागत नाही. तिनं मागचीचं काम अंगावर घ्यावं लागतं. काम घेतलं की मगच मागची जुनी होते.

ही दुरुस्ती एसटीला लावली की बऱ्याच गोष्टी उलगडतात. बीड विभागात बीड, गेवराई, माजलगाव, धारूर, परळी, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी अशी आगारं. नवी गाडी आली की ती साहजिकच लांब पल्ल्याला जाते, पुण्याला, मुंबईला. तिथली गाडी तालुक्याला येते. तालुक्याची गावाला जाते. गावाची रात्रीची मुक्कामी गाडी, जी पहाटे शाळकरी पोरी, दूधवाले आणि तारखेला निघालेले लोक घेऊन तालुक्याला येते, ती या उतरंडीतली शेवटची पायरी. गाडी वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर नवीच असते: पुण्याच्या मार्गावर जुनी झालेली गाडी आमच्या वस्तीवर पहिल्यांदा आली, तेव्हा पोरांनी तिच्या बोर्डाला हळदीकुंकू लावल्याचं मला आठवतं. उतरंडीची मला चीड नाही. ती आहे म्हणूनच टोकाला गाडी पोचली.

मात्र उतरंडीच्या तळाशी एक वेगळीच अडचण आहे. तिथून गाडी कंडममध्ये जाते, तेव्हा तिच्या मागून येणारी गाडी तिथं पोचलेली असतेच असं नाही. वर नवी आली, ही बातमी खरी. खालची गेली, हेही खरं. मधल्या पायऱ्या हलायला वेळ लागतो, किंवा हलतच नाहीत. मग गावाची फेरी 'तात्पुरती' बंद होते. हा शब्द आमच्याकडं फार दीर्घायुषी आहे.

पूर्वी याला एक वाईट पण चालणारा उपाय होता: झिजलेलीच ओढत राहायची. 1 एप्रिल 2023 पासून केंद्राच्या नियमानं तो संपला. सरकारी मालकीच्या, परिवहन महामंडळांच्यासुद्धा, पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडाव्या लागतात. नियम योग्यच आहे. ब्रेक लागेना अशा गाडीत पोरी बसवण्यापेक्षा ती तोडलेली बरी. पण नियमानं जुनेपण कॅलेंडरला बांधलं. पुढची गाडी आली की नाही, हा प्रश्न कॅलेंडरला विचारता येत नाही. 2024 मध्ये एसटी महामंडळानं अशोक लेलँडकडं 2104 गाड्यांची मागणी नोंदवली, ती याच घाईतून समजून घ्यावी लागते: जाणाऱ्यांच्या तारखा ठरलेल्या, येणाऱ्यांच्या ठरवायच्या.

म्हणून नवी गाडी आणणं हा एक निर्णय नाही, दोन आहेत: एक नवी आणण्याचा, दुसरा जुनी कधी काढायची आणि तिची फेरी कोणाला द्यायची याचा. पहिल्याला नारळ फुटतो, फित कापली जाते, फोटो निघतो. दुसरा एखाद्या कारकुनाच्या टेबलावर होतो. माझ्या मते प्रवाशाचं बरंवाईट दुसऱ्यावरच जास्त ठरतं, आणि त्यावर बोलायला एकही सभा भरत नाही.

लिलावात निघणाऱ्या गाडीचा नोंदणी क्रमांक लिहितात, चेसिस क्रमांक लिहितात, सांगाडा कोणत्या अवस्थेत आहे तेही लिहितात. ती शेवटी कोणत्या गावाला मुक्कामाला जात होती आणि आता तिथं कोण जातं, एवढा एक रकाना आगारानं त्या कागदात वाढवावा. तो भरल्याशिवाय गाडीवर बोली लावू नये.