ठाऊक असलेला शेवट

एका माणसाच्या मरणाची मी तेरा महिने वाट पाहत होतो. असे म्हटले की ऐकणारा दचकतो. पण हिशेब केला तर गोष्ट खरी आहे. ४ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘रॉकेट बॉइज’ या हिंदी मालिकेचे पहिले पर्व आले, आणि दुसरे आले १६ मार्च २०२३ रोजी. होमी भाभा आणि विक्रम साराभाई या दोघा मित्रांची ती कथा. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. अणूतले मला फारसे कळत नाही, गोडी आहे ती माणसांची. पहिले पर्व दोन रात्रींत संपविले आणि पुढे काय होते याची हुरहूर लागली.

खरे म्हणजे पुढे काय होते ते मी वर्गात पोरांना सांगत आलो आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान आल्प्समधल्या माँ ब्लां शिखराजवळ आदळले आणि ११७ माणसे गेली. त्यांत छप्पन्न वर्षांचे भाभा होते.

त्या वर्षीच्या भाद्रपदात आमची देवी निद्रेत होती. नवरात्रापूर्वी तुळजापूरची भवानी सिंहासनावरून उतरून पलंगावर झोपते आणि घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर येते. तेवढे दिवस माझी आई गादी सोडून सतरंजीवर झोपते. अंथरूण घालताना तिने विचारले, “कशाची एवढी वाट बघायलास?” मी सांगितले. ती म्हणाली, “मरणार हे ठाऊक आहे, तरी वाट बघायलास?”

मी मास्तरी उत्तर दिले. महिषासुर मरणार हे तुलाही ठाऊक असते. तरी संबळ वाजला की गोंधळ्यासमोर रात्रभर बसतेसच ना?

“तो राक्षस होता. हा माणूस आहे. घरचं असंल की अजून कुणीतरी.”

मी कादंबऱ्या लिहितो. त्यांत मी माणसे मारली आहेत, आणि रात्री शांत झोपलो आहे. कारण ती माझीच होती. भाभा कुणाच्या कादंबरीतले नव्हते. साराभाईंचा संसारही कल्पनेतला नव्हता. त्यांची मुले आज हयात आहेत, आणि त्या घरातली कुजबूज आपण पडद्यावर पाहिली. मालिकेतला भाभांचा प्रतिस्पर्धी मेहदी रझा हा मात्र काल्पनिक. पहिले पर्व पाहताना तो मला सर्वांत अधिक रंगला, हे कबूल करायला थोडी लाज वाटते.

याहून मोठी लाज पुढेच आहे. फ्रेंच चौकशीत निघाले होते ते इतकेच, की विमानातले दिशादर्शनाचे एक यंत्र बिघडले होते आणि वैमानिकाची पर्वताच्या अंतराविषयी चूक झाली. दुसऱ्या पर्वाने मात्र अमेरिकी हेरखात्याकडे बोट दाखविले. आणि माझ्या मनात तेच असावे, असे मला त्या तेरा महिन्यांत वाटत होते! एवढा मोठा माणूस एका साध्या चुकीने जावा, हे मनाला पटत नाही. त्याला कुणीतरी खलपुरुष हवा असतो. मृताचे दुःख नव्हे, गोष्टीचा तोल मला हवा होता. शास्त्रीजी ताश्कंदला जाऊन तेराच दिवस झाले होते आणि भाभा गेले त्याच दिवशी इंदिरा गांधींचा शपथविधी झाला. एवढे योगायोग एकत्र आले की कारस्थानाचा वास लागायला मन मोकळेच असते.

मग पाहूच नये का? असेही म्हणवत नाही. शेवट ठाऊक असलेल्या डोळ्यांना दुसरेही काही दिसते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले, त्यापूर्वी त्याचे भाग सायकलवरून नेले होते. ती सायकल आठवली की मला प्रथम हसू येते; मग भाभांना आता सव्वादोन वर्षे उरली, हा हिशेब आपोआप होतो आणि घसा दाटतो. त्यांना तो हिशेब ठाऊक नव्हता. ते आपले कामात होते.

दुसरे पर्व आले त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी जेवणही लवकर उरकले. दार ओढून घेतले, दिवा बारीक केला. विमानाचा प्रसंग जवळ येऊ लागला तसा मी मोबाईल थांबविला, पाणी प्यालो, पुन्हा सुरू केला. इतक्यात आई दारात आली.

“गेला का रे तो?”

“अजून नाही.”

“मग बसते जरा,” म्हणून ती सतरंजी ओढून माझ्याजवळ बसली.