साडेतीन किलोवॅट

नागपूरहून भंडारा, तिरोडा करत दवनीवाड्याला यायचं म्हणजे दीडशेच्या आसपास किलोमीटर. माझी इलेक्ट्रिक गाडी एका चार्जमध्ये खऱ्या रस्त्यावर अडीचशे चालते. म्हणजे जाता येतं, पण न लावता परत येता येत नाही. गावी मुक्काम करायचा तर गाडीनंही रात्रभर जेवायला हवं.

त्यासाठी आजोळच्या घरात जी उठाठेव करावी लागली ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. एसी-गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा सॉकेट बसवला. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो, ते नसेल तर लाल दिवा दाखवून गप्प बसतो. मग मीठ-कोळसा घालून अंगणात अर्थिंगचा खड्डा केला. घराचा मंजूर भार पंखे, टीव्ही आणि फ्रिजपुरताच होता, तो वाढवून घेतला. आता गाडी भिंतीतून साधारण ३.३ किलोवॅट ओढते. एका बाजूच्या प्रवासाची भरपाई करायला पंचवीसेक युनिट लागतात, म्हणजे साडेसात तास.

गाडी पहिल्यांदा लावली तेव्हा मामाजींनी विचारलं, "किती एचपीची म्हणावं गा हे?"

मला हसू आलं, आणि मग मी मनात गुणाकार केला. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. त्यांच्या बांधीवरची मोटार ५ एचपीची, म्हणजे ३.७ किलोवॅट. माझी गाडी आणि त्यांची मोटार, दोघींची भूक साडेतीनच्या अलीकडे-पलीकडे. आणि वेळही तीच. शेतीच्या फीडरला आठ तास वीज, कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीनं. माझ्या गाडीला साडेसात तास, मला वाटेल तेव्हा.

हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. भार तोच, गाव तेच, तार एकाच उपकेंद्रातून आलेली. तरी रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन बांधीवर कुणी जायचं, आणि ॲपमध्ये टायमर लावून कुणी झोपायचं, हे कशावरून ठरलं?

इंजिनिअर म्हणून पहिलं उत्तर मला ठाऊक आहे. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. माझ्या गाडीनं मामाजींच्या मोटारीचं पाणी तोडलेलं नाही. उन्हाळी धानाच्या दिवसांत शेकडो मोटारी एकदम सुरू झाल्या तर व्होल्टेज कोसळेल, रोहित्रं जळतील, म्हणून भार वाटून द्यावा लागतो. हे सगळं खरं आहे. पण यातून भार का वाटायचा ते कळतं. रात्र कुणाच्या वाट्याला घालायची, याचं उत्तर त्यात नाही.

दुसरं उत्तर पुण्यातल्या एका मित्रानं दिलं. तू बिल भरतोस, ते भरत नाहीत. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात वीज मोफत आहे. फुकटाला वेळ निवडता येत नाही, असं त्याचं म्हणणं. ऐकायला चोख वाटतं. पण मोफत नव्हती, बिलं येत होती, तेव्हाही पाळी रात्रीचीच होती. आणि रात्रीची काही किंमत आहेच की. आमच्याकडे बांधावर साप निघतो, नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांत बिबट्याचीही धास्ती. मी युनिटामागे रुपये मोजतो, मामाजी झोप मोजतात. त्यांची रक्कम कुठल्याच बिलावर छापून येत नाही, म्हणून ते फुकट खातात असं आपण म्हणतो.

माझ्या कामात याच्याशी मिळताजुळता एक जुना प्रश्न आहे. प्रोसेसर एक आणि कामं अनेक असली की कुणाला आधी घ्यायचं हे शेड्यूलर ठरवतो. नुसत्या प्राधान्यानं ठरवलं तर खालच्या कामाची पाळी येतच नाही. याला आम्ही स्टार्व्हेशन म्हणतो, सरळ उपासमार. त्यावरचा उपाय एजिंग: जो जास्त थांबला त्याचं प्राधान्य वाढत जातं. कालव्याच्या पाण्यालाही महाराष्ट्रात असंच तत्त्व मानलं जातं, पाणी शेपटाकडून माथ्याकडे द्यावं, कारण माथ्यावरच्याला ते मिळणारच असतं. (पाळलं किती जातं हे शेपटाकडच्यांना विचारा.) विजेच्या बाबतीत मी माथ्यावरचा आहे. दुसरं काही कर्तृत्व नाही, माझा सॉकेट घराच्या भिंतीत आहे एवढंच.

यात आणखी एक गंमत आहे, कडवट. तिरोड्याचं ३३०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आमच्या शेजारचं. पाणी वैनगंगेचं, राखही इथेच. वीज ७६५ केव्हीच्या तारांवरून कोराडी, अकोला करत पश्चिमेकडे जाते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर माझ्या एका फेरीचा साडेसतरा किलो होतो. लिटरला अठरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीचा एकोणीस. गाडीच्या मागे धुराची नळी नाही हे खरंच, पण नळी तिरोड्याला उभी आहे आणि वारा फिरला की गावाकडेच तोंड करते. नागपूरची हवा माझ्यामुळे थोडी बरी होत असेल. ग्रिडमध्ये सूर्य वाढेल तसा हा हिशेब सुधारेल, म्हणून गाडी विकायचा विचार नाही. पण 'स्वच्छ' हा शब्द दवनीवाड्यात उच्चारताना जीभ अडखळते.

मग करायचं काय? एका गाडीनं ग्रिडला काही फरक पडत नाही, हे मलाही कळतं. पण गावात तसं म्हणता येत नाही. ६३ केव्हीएच्या रोहित्रावर साडेतीन किलोवॅट म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त, आणि संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे-पंखे असताना ते शेवटच्या घराच्या बल्बवर दिसतं. म्हणून संध्याकाळी गाडी लावत नाही. रविवारी सकाळी नऊनंतर लावतो. तेव्हा ग्रिडमध्ये सौर वीज असते. स्मार्ट मीटरवाल्या घरांना नऊ ते पाच सवलत देऊन राज्यानं २०२५ पासून हेच सुचवलंय. त्यापायी निघायला संध्याकाळ होते, सोमवारी ऑफिसात डोळे चुरचुरतात. मामाजींना याचा काडीचाही फायदा नाही, फीडर वेगळा आहे. तरी करतो. का, ते मला अजून नीट मांडता येत नाही.

मामाजींना यातलं काही नैतिक वगैरे वाटत नाही. "रातीच लाव ना गा, दिवसा लाइन गेली तर जाशील कसा?" हा त्यांचा सल्ला. सध्या त्यांचा जीव सौर पंपाच्या अर्जात अडकलाय. पॅनेल बसले की रात्रीची पाळी सुटेल. परवा त्यांनीच विचारलं, पावसाळ्यात धानाला वरचं पाणी असतं, तेव्हा पॅनेल रिकामेच राहतील, त्यावर गाडी चालेल काय? मी म्हटलं, मधे वेगळा कंट्रोलर लागेल, पण जमू शकतं. पाऊस दडी मारून बसला तर मात्र आधी बांधीला पाणी.

"मंग तुझी गाडी माझ्या मोटारीच्या मागं लागंल," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.