बांधावरचा डबा

गौरी-गणपतीला भाची पुण्याहून आली, ती पाठीवरच्या सॅकमध्ये एक डबा घेऊन. प्लॅस्टिकचा, चारही बाजूंनी खटके असलेला, आरपार दिसणारा. फ्रिजमध्ये कोथिंबीर ठेवतो ना, तसला. आत एक छोटी वही, पेन्सिलीचा तुकडा आणि दोन रंगीत गोट्या. "मामा, हा लपवायचाय. माझा पहिलाच," ती म्हणाली. मला वाटलं, पोरीला अभ्यासाचा ताण झालेला दिसतोय.

मग तिनं नीट समजावलं. जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. एकानं डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्यानं मोबाइल हातात धरून तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून निघून जायचं. बक्षीस काही नाही. जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत म्हणे. पुण्याच्या आसपासचे चार-पाच तिनं शोधले होते. आता लपवायची पाळी तिची, आणि त्यासाठी तिला मामाचं गाव हवं होतं.

या खेळाची जन्मतारीख सांगता येते. अमेरिकेच्या उपग्रहांकडून सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतांत तिथलं सरकार मुद्दाम चूक मिसळायचं. ही मिसळ २ मे २००० रोजी बंद झाली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं एक काळी बादली रानात अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा पत्ता आकड्यांत जाहीर केला. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. बादलीत पुस्तकं होती, एक गलोल होती आणि कडधान्याचा एक हवाबंद डबाही होता.

कडधान्याचं नाव निघालं आणि मला चेव आला. आमचा कोरेगाव तालुका वाघ्या घेवड्याचा. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाहुण्याला घेवडा दाखवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. मी मूठभर दाणे आणून डब्यात टाकले. तिनं ते एकेक करून बाहेर काढले. "खायची वस्तू चालत नाही मामा. वासानं उंदीर डबा कुरतडतात. आणि परवानगीशिवाय जमीनही उकरायची नाही." म्हणजे आजच्या नियमांच्या तराजूत घातला, तर या खेळातला पहिला डबाच नापास! उल्मरनं कुणाला विचारल्याचं ऐकिवात नाही. विचारायचे नियम मागाहून आले, माणसं वाढली तेव्हा.

जागा मीच सुचवली. गावापासून दोनेक किलोमीटरवर एका शेताचा बांध आहे. तिथून पश्चिमेला जरंडेश्वरचा डोंगर असा काही दिसतो, की पाहणारा दोन मिनिटं थांबतोच. मारुतीराया द्रोणागिरी घेऊन निघाला असताना त्याचा तुकडा इथं पडला, असं आमच्याकडं सांगतात. "परवानगी लागेल ना?" तिनं विचारलं. मी हसलो. "परवानगी कसली? आपलंच गाव आहे. मारुतीनं एवढा डोंगर टाकला, त्यानं कुणाला विचारलं होतं?"

बांधावरच्या दगडांच्या फटीत डबा बसला. तिनं मोबाइलवर अर्ज भरला. नियम वाचले आहेत, अटी मान्य आहेत, या चौकटीवर खूण केली. जमीनमालकाची परवानगी ही त्यातलीच एक अट. मग वाट पाहणं सुरू झालं.

असा डबा लगेच जाहीर होत नाही. आधी तो एका रिव्ह्यूअरपुढं जातो. हा कुणी पगारी साहेब नव्हे. खेळात मुरलेला, फुकट काम करणारा स्वयंसेवक. दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटरचं अंतर आहे का, जागा शाळेला किंवा रेल्वेरुळाला लागून तर नाही ना, देखभाल कोण करणार, हे सगळं तो घरी बसून नकाशावर तपासतो. सात दिवसांच्या आत तो अर्ज हातात घेतो, एवढंच ठरलेलं. भाचीचा मोबाइल दर दहा मिनिटांनी हातात. आरतीच्या ताटाशेजारीही मोबाइल. "पेंडिंगच दाखवतंय," हे वाक्य दोन दिवसांत घरातल्या लहानथोरांना पाठ झालं.

तिसऱ्या रात्री जेवताना ती एकदम म्हणाली, "मामा, त्या बांधाचा मालक कोण?"

वाट पाहता पाहता तिनं नियम पुन्हा वाचले होते. अर्ज भरताना आपण नियम वाचतो ते खूण करण्यापुरते. निकालाची वाट पाहताना तेच नियम दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचले जातात. हा माणूस आता काय शोधत असेल, कुठं बोट ठेवेल? तिथं तिचं तिलाच बोट ठेवता आलं. खरं तर तो रिव्ह्यूअर कोरेगावला कधीच येणार नव्हता. त्याच्यापुढं पुरावा एकच, तिचा शब्द. आणि तो शब्द खोटा पडला होता माझ्यामुळं.

सकाळी आम्ही त्या शेतावर गेलो. मालक सत्तरीच्या पुढचे, घेवड्यात वाकून गवत उपटत होते. शेंगा भरत आल्या होत्या. भाचीनं डबा हातात घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी तो उन्हाकडं धरून आतली वही पाहिली.

"आधी ठिवलं आन् आता इचारताय व्हय?"

आम्ही दोघंही गप्प.

मग त्यांनी एकामागून एक विचारलं. कोण येनार? किती जन येत्याल? पिकात पाय पडत्याल का? आन् पोरी, तू पुन्याला गेल्यावर ह्याच्याकडं बघनार कोन? ती शेवटच्या प्रश्नाला अडखळली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा बघतील." मामा अशा रीतीनं कामाला लागले.

म्हातारबांनी नाही म्हटलं नाही. पण जागा नामंजूर केली. "ह्यो बांध सामायिक हाय. निम्मा माजा, निम्मा भाऊबंदाचा. माज्या एकट्याच्या हो म्हन्न्यानं चालत न्हाई. त्या चिंचंखाली ठिवा. तितनं वाट जाती, पिकाला तरास न्हाई." ज्या बांधाला मी 'आपला' म्हणत होतो, त्याला तो मालकसुद्धा एकट्याचा म्हणायला तयार नव्हता. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी माणसं आम्ही, आणि मीच ते विसरून बसलो होतो. (चिंच नेमकी कुठली, हे विचारू नका. चिंचा आमच्याकडं पुष्कळ आहेत.)

मला सातबारावरच्या फेरफाराची आठवण झाली. जमिनीचा व्यवहार झाला, कागद झाले, तरी नाव लगेच चढत नाही. तलाठी नोटीस काढतो आणि हरकतीसाठी पंधरा दिवस जाऊ देतो, मंजुरी त्यानंतर. हे पंधरा दिवस आपल्याला फुकट गेलेले वाटतात, कारण आपण ते आपल्या बाजूनं मोजतो. पण ते आपले नसतातच. ज्याला काही म्हणायचं असेल, त्या दुसऱ्याचे ते दिवस असतात. माझं काम पूर्ण झाल्यापासून ते खरं ठरेपर्यंतची ती जागा त्याच्या हरकतीसाठी रिकामी ठेवलेली असते. 'आपलंच आहे' असं म्हटलं, की ती जागा बंद होते.

आणि हे वाक्य आपण किती सहज म्हणतो! चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लावताना, गडाच्या तटावर नाव कोरताना, रस्त्यात मांडव घालताना. विनापरवाना फलकांविरुद्ध राज्यात १९९५ पासून कायदा आहे. तो मोडणाऱ्याला आपण गुन्हा करतोय असं वाटत नाही. त्याला वाटतं, गाव आपलंच. माझं पाप डब्याएवढं होतं, पण वाक्य तेच होतं. गाव आपलं आहे म्हणूनच आधी विचारायला हवं होतं. परका निघून जातो. आपल्याला त्याच वाटेनं रोज जायचं असतं, त्याच माणसाला राम राम घालायचा असतो.

आधी विचारण्यात भीतीचा भागही आहे. एसटी स्टँडवर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ऐकत आपण वाढलो. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली असाच एक डबा पाहून लोक घाबरले आणि लष्कराच्या बॉम्बनाशक पथकानं तो नियंत्रित स्फोटानं उडवला. लपवणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण हेतू डब्यात बंद असतो, बाहेरून दिसतो तो नुसता डबा. म्हणून तर भाचीनं आरपार दिसणारा आणला होता.

चिंचेखाली आकडे पुन्हा घ्यावे लागले. फांद्यांखाली मोबाइल दर मिनिटाला वेगळा आकडा दाखवायचा. ती अर्धा तास थांबून आकडे टिपत राहिली आणि शेवटी त्यांची सरासरी काढली. मग प्रश्न आला, रिव्ह्यूअरला काय कळवायचं? जागा बदलली एवढंच लिहिलं असतं तरी भागलं असतं. आधीचं खोटं त्यातच झाकलं गेलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. तिनं थोडा वेळ अंगठे मोबाइलवर नुसते धरून ठेवले. मग लिहिलं, की पहिल्या जागेसाठी मी विचारलं नव्हतं. आता मालकांना भेटून विचारलं आहे, त्यांनीच ही जागा दाखवली.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मंजुरी नव्हतीच, दोन प्रश्न होते. या वाटेनं येणाऱ्यांमुळं पिकाचं नुकसान होणार नाही ना? आणि तुम्ही पुण्यात राहता असं दिसतं, तर डब्याकडं बघणार कोण? भाची मोठ्यानं वाचत होती, मी ऐकत होतो, आणि मला तर घेवड्यात वाकलेला तो म्हातारा दिसत होता. एकाला उपग्रहाचा नकाशा दिसतो, दुसऱ्याला स्वतःचा बांध. प्रश्न मात्र तेच. जबाबदार माणसाची काळजी कुठूनही निघाली तरी बहुधा याच दोन ठिकाणी येऊन थांबते: कुणाला त्रास होईल, आणि मागाहून कोण बघेल. आपलं कुठलंही काम लोकांत ठेवण्याआधी स्वतःला एवढंच विचारलं तरी पुष्कळ.

भाची परत गेली. उत्तर पाठवून झालं आहे, मंजुरी अजून यायची आहे. पूर्वी ती मला सांगायची, आता मीच तिला फोन करून विचारतो, "पब्लिश झालं का गं?"

परवा रात्री मोठी सर आली. डब्यात पाणी शिरलं असेल म्हणून मी सकाळी तिकडं गेलो. वही कोरडी होती. पहिलं पान कोरं. पेन्सिल उचलून सही करायचा मोह झाला, पण ते पान अनोळखी माणसाचं. डबा जागेवर ठेवताना बाजूला काढलेल्या दगडाकडं माझं लक्ष गेलं. चपटा, रुंद, पावसाचं पाणी बाजूला जाईल असा डब्यावर तिरका बसवलेला होता. तो आम्ही ठेवलेला नव्हता.